बीपीची गोळी सुरू झाल्यावर: पट्टी वाचण्यापासून रक्ततपासणीपर्यंत

दवाखान्यात "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं की फार वेळा उत्तर मिळतं, "बीपीची एक आहे, पांढरी, छोटी." पांढऱ्या छोट्या गोळ्यांनी मेडिकलमधलं अख्खं कपाट भरलेलं असतं. एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं, दोनपैकी एक औषध नकळत सुटणं, त्यावर गुडघेदुखीची गोळी येऊन पडणं, हे टाळता येण्यासारखे घोटाळे बरेचसे इथूनच सुरू होतात. तुम्हाला नुकतीच गोळी लागली असेल, किंवा घरातल्या आई-वडिलांची औषधं तुमच्या हातात असतील, तर पहिलं काम एकच: गोळीचं नाव शिकून घ्या.

पट्टी उलटी करून वाचा

पट्टीवर दोन नावं असतात. ठळक अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं. त्याच्या जवळच बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव, 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषध-मानकाची खूण) आणि मिलिग्रॅमचा आकडा. उदाहरणार्थ, 'टेल्मा' हे कंपनीचं नाव, आतलं औषध टेल्मिसार्टन. तुमच्या कामाचं नाव बारीक अक्षरातलंच. इंग्रजी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या आणि मराठीत लिहून ठेवा.

ब्रँडच्या नावामागे लागणाऱ्या अक्षरांकडे नीट बघा. 'एएम' म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन जोडलेलं, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन, 'एलएन' म्हणजे सिल्निडिपिन. नुसती ४० ची गोळी आणि '४० एएम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. मेडिकलमध्ये तोंडी नाव सांगताना शेवटची दोन अक्षरं राहिली की महिनाभर एक औषध पोटात जातच नाही. मग बीपी वाढलं की डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय, आणि ते डोस वाढवतात.

आकड्यांचीही एक गफलत आहे. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम यांचा परिणाम जवळपास सारखा असतो. त्यामुळे "आधी पाचची होती, आता अडीचची दिली, म्हणून दोन घेतो" असा हिशेब घरी मांडू नका.

एका कागदावर प्रत्येक औषधासाठी चार गोष्टी लिहा: खरं नाव, मिलिग्रॅम, घ्यायची वेळ, आणि कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेला सुरू केलं. कागद पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना, मग ते दाताचे असोत की डोळ्यांचे, हा कागद पुढे करा. गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅम्लोडिपिन एका नावाने आणि शहरातल्या तज्ज्ञांनी दिलेलं तेच अ‍ॅम्लोडिपिन दुसऱ्या नावाने, असं दुहेरी चालू असलं की पाय सुजतात, चक्कर येते, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. जन औषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणायला सुरुवात केली की जुना ब्रँड बंद, हेही याच हिशेबातलं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. बीपीची गोळी रक्त पातळ करत नाही. रक्त पातळ करणारी म्हणतात ती अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल वेगळी. दात काढण्याआधी "रक्त पातळ करायची गोळी बंद करा" असं सांगितल्यावर लोक बीपीची बंद करून जातात आणि खुर्चीत बसल्यावर बीपी वाढलेलं सापडतं.

तुमची गोळी कोणत्या घराण्यातली

अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. ते शरीरात सावकाश भिनतं आणि सावकाश उतरतं, पातळी स्थिर व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी बीपी मोजून "काही फरक नाही" असं ठरवू नका. याचा ओळखीचा त्रास म्हणजे घोट्याला सूज. संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटतो, चप्पल घट्ट होते. डोस जितका जास्त तितकी ही सूज जास्त. ही सूज अंगात पाणी साठल्यामुळे आलेली नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं. त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी घेऊन ती फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध जोडतात. मात्र एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल तर ते गोळीचं समजून थांबू नका, लगेच दाखवा. काहींच्या हिरड्याही या औषधाने वाढतात. दाताच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगण्याचं हे आणखी एक कारण.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही 'सार्टन' मंडळी. पूर्ण परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागू शकतात. यांच्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्ततपासणी लागते, त्याबद्दल पुढे आहे. एनालप्रिल, रॅमिप्रिल ही 'प्रिल' मंडळी त्यांचीच चुलत भावंडं. यांच्याने काही जणांना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो, कफ नाही, ताप नाही. महिनोन्महिने खोकल्याची बाटली रिचवण्यापेक्षा डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवा. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर मात्र पुढची गोळी घ्यायची नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं.

गरोदरपणात सार्टन आणि प्रिल दोन्ही चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्या. नकळत दिवस गेले असतील तर त्याच दिवशी कळवा. लॅबेटालॉल, मिथाइलडोपा, नायफेडिपिन हे पर्याय त्यासाठी आहेत.

हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. सकाळी घ्या, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. अंधारात बाथरूमला जाताना पडणारे ज्येष्ठ कमी नाहीत. या गोळ्यांनी सोडियम आणि पोटॅशियम घटू शकतं. पोटरीत गोळे येणं, अशक्तपणा, आणि वयस्कर माणसात अचानक सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. सोडियम तपासा. आधी कधी पायाच्या अंगठ्याला गाउटची, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजण्याची, ठणक लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण यांच्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल नाडी मंद करतात. या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. अचानक थांबवल्या तर नाडी उसळते आणि हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकतं. दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र सुटतो, त्याकडे लक्ष ठेवा. क्लोनिडिन हे औषध तर एक-दोन दिवस चुकलं तरी बीपी उसळी मारतं. ते चालू असेल तर गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच नवीन आणा. प्राझोसिनची पहिली गोळी झोपताना घेतात, कारण पहिल्या डोसनंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

नावामागे 'एक्सएल', 'ईआर' किंवा 'एसआर' असेल तर ती गोळी कुटायची नाही, चावायची नाही. दिवसभराचं औषध त्यात भरलेलं असतं, कुटली की ते एकदम सुटतं.

सकाळी की रात्री?

यावर पुष्कळ वाद झाले. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर केलेला 'टाइम' नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी गोळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा फरक आढळला नाही. डॉक्टरांनी ठरावीक वेळ सांगितली असेल तर तीच पाळा. नसेल तर जी वेळ तुमच्याकडून चुकणार नाही ती तुमची. सकाळचा चहा आणि गोळी, असं एखाद्या रोजच्या गोष्टीला ती बांधून टाका. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन जेवणाआधी-नंतर कसंही चालतं.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. "घेतली की नाही घेतली" अशी शंका असेल तर नाही घेतली तरी चालतं, रोज एकदाच्या गोळीत एक चुकल्याने सहसा फारसं बिघडत नाही. क्लोनिडिनचं मात्र तसं नाही, तिथे डॉक्टरांना विचारा. शंकाच येऊ नये म्हणून पट्टीच्या मागे बॉलपेनने वार लिहून ठेवा, उपाय फुकटचा आहे. चुकून दोनदा घेतली गेली तर गाडी चालवू नका, आडवे पडा, बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. लहान मुलाने गोळी गिळली असेल तर वाट बघू नका. अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीतल्या एक-दोन गोळ्यांनीही तान्ह्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. डबा फडताळात वर ठेवा, टीव्हीशेजारी नको.

गोळी बंद करण्याचं सर्वांत नेहमीचं कारण चुकणं नसतं. "बीपी नॉर्मल आलं" हे असतं. १२६/७८ हा आकडा गोळी पोटात आहे म्हणून आलेला असतो. बंद केल्यावर बहुतेकांचं बीपी काही दिवसांत-आठवड्यांत पुन्हा चढतं, आणि ते चढताना काहीही जाणवत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस खरोखर कमी होऊ शकतो. तो घरच्या नोंदी दाखवून डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

घरी बीपी मोजणं

दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडावर छोटा पट्टा गुंडाळला की आकडा खोटा वाढतो.

१. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, विडी काही नाही. लघवीला जाऊन या, फुगलेल्या मूत्राशयानेही बीपी वाढलेलं दिसतं.

२. पाठ टेकून खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प. फोन नाही, मालिका नाही.

३. बाही वर सरकवून घट्ट वळकटी होत असेल तर हात बाहीतून काढा. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, उघड्या दंडावर.

४. दंड छातीच्या उंचीवर येईल असा हात टेबलावर टेकवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा जास्त येतो.

५. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे नाडीसह लिहा.

सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ ही सरासरी म्हणजे दवाखान्यातलं साधारण १४०/९०. तुमचं लक्ष्य किती हे मधुमेह, मूत्रपिंड, वय बघून डॉक्टर ठरवतील. दिवसातून आठ वेळा मोजू नका. मोजायची धास्तीच बीपी वाढवते.

उठल्याबरोबर गरगरत असेल तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभे राहा. बसून मोजा, उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना हवीच असते. वरचं बीपी शंभरच्या खाली आणि सोबत चक्कर, किंवा नाडी पन्नासच्या खाली, असं दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

दुकानातून आणलेल्या गोळ्या

गुडघे आणि कंबर दुखायला लागली की डायक्लोफिनॅक, एसेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घरोघरी घेतली जातात. ही औषधं बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. सार्टन किंवा प्रिल, त्यावर लघवीची गोळी आणि त्यावर ही वेदनाशामक, अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला मिळणारा रक्तपुरवठा घटतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं. उन्हाळ्यात, पाणी कमी पडलेलं असताना तर फारच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मर्यादेत, आणि पाण्यात फसफसणारी गोळी नको, कारण तिच्यात सोडियम असतं. आम्लपित्तावर घेतल्या जाणाऱ्या फसफसत्या पावडरींचंही तेच.

सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन आहे का ते वाचा, दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अ‍ॅम्लोडिपिनबरोबर घेतलं तर बीपी जास्तच उतरू शकतं. आणि काढ्यातलं ज्येष्ठमध: घसा बरा वाटतो खरा, पण रोज घेतलं तर ते सोडियम धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. लोणचं, पापड, सुकट, फरसाण यातलंही त्यात आलं. सैंधव हेही मीठच. 'कमी सोडियम'वालं मीठ मात्र सार्टन-प्रिल घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय आणू नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

जुलाब, उपवास, वारी

उलट्या-जुलाब होत असतील, पाणी टिकत नसेल, तर सार्टन, प्रिल आणि लघवीच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. बरेचदा त्या तेवढे दिवस थांबवायला सांगतात आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू करतात. हे आधीच्या भेटीतच विचारून कागदावर लिहून ठेवलं तर रात्री अकराला धावपळ होत नाही.

एकादशीला गोळी चुकवायची गरज नाही. पाण्याबरोबर घ्या, यातल्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात. निर्जळी उपवास मात्र लघवीच्या गोळीबरोबर करू नये. रोज्यात डॉक्टर वेळ बदलून देतात, सहरी-इफ्तारचा हिशेब आधीच करून घ्या. वारीला निघताना पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या अधिक आठवडाभराच्या जास्तीच्या घ्या. त्यातल्या निम्म्या स्वतःजवळ आणि निम्म्या सोबतच्या माणसाकडे, म्हणजे पिशवी हरवली तरी खंड पडत नाही.

रक्ततपासणी

सार्टन, प्रिल किंवा लघवीची गोळी सुरू करताना आणि डोस वाढवल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासतात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नका, थोडी वाढ अपेक्षित असते. किती वाढ चालेल ते जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टर ठरवतात. म्हणून पहिला रिपोर्ट फेकू नका.

आकडा एकदम मोठा आला तर

१८०/१२० किंवा जास्त दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं किंवा दिसेनासं होणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा. लक्षणं काहीच नसतील आणि आकडा तसाच असेल तर जास्तीची गोळी स्वतःहून घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. नायफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून ऐकू येते. ती करू नका. बीपी धाडकन कोसळतं आणि त्यातून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेला आहे.

गोळ्या आणणं आणि ठेवणं

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मोजकी ठरलेली औषधं आणि महिन्याभराच्या गोळ्या एकदम, ही त्याची रीत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, आशाताईंना विचारा, आणि दर महिन्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

पट्टी १०, १४, १५ किंवा ३० गोळ्यांची असते. चौदाच्या दोन पट्ट्या म्हणजे २८ दिवस, महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवसांची खाच पडते. सात-आठ गोळ्या उरल्या की नवीन आणा. मेडिकलवाला पट्टी कापून देणार असेल तर नाव आणि एक्स्पायरी छापलेलं टोक मागून घ्या, किंवा पूर्ण पट्टीच घ्या.

टेल्मिसार्टन हवेतला ओलावा चटकन शोषतं. पावसाळ्यात, कोकणात तर फारच. म्हणून ते सोलून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका. कात्रीने एकेक खण पट्टीसकट कापा, वारांच्या कप्प्यात तसाच ठेवा, आणि गोळी तोंडात टाकायच्या वेळीच फोडा.